प्रॉडक्ट डिझाइनचं शिक्षण (आणि कोकण)

प्रॉडक्ट डिझाइन म्हणजे वापरायच्या वस्तूंची रचना करणं, खुर्ची, मिक्सर, टॉर्च, सायकल, इंजेक्शनची सिरिंज, काहीही, आणि हे कॉलेजात रीतसर शिकवतात, त्याची चार वर्षांची डिग्री असते, हे कोकणातल्या बऱ्याच घरांत अजून सांगून पटत नाही. सरकारी कागदावर याला 'औद्योगिक अभिकल्प' म्हणतात पण तो शब्द कोणी बोलताना वापरलेला मी तरी ऐकला नाही, सगळे डिझाइनच म्हणतात, आणि डिझाइन म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यासमोर साडीचा काठ नाहीतर रांगोळी येते. मग सुतारकाम, वेल्डिंग, मातीकाम हेही शिकवतात असं सांगितलं की आजी विचारते, "इतक्या शिकान सुतारच होतलंस?"

आजीचा प्रश्न तसा अगदीच चुकीचा नाही. सुतार गिऱ्हाईक समोर बघून एक खुर्ची करतो. डिझाइनरला तीच खुर्ची अशी ठरवायची असते की कारखान्यात ती दहा हजार वेळा सारखीच निघेल, आणि तिच्यावर कोण बसणार हे त्याला कधीच दिसणार नाही. म्हणून यातलं अर्धं शिक्षण त्या न दिसणाऱ्या माणसाबद्दलच असतं.

भारतात हे सुरू कसं झालं तर 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारसाठी एक रिपोर्ट लिहिला, त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं भरभरून कौतुक केलंय, म्हणजे लोट्याचा आकार ठरवताना किती गोष्टींचा विचार झाला असेल, कंबरेवर कसा बसेल, ओतताना तोल कसा राहील, धुता कसा येईल, वगैरे. त्याच रिपोर्टच्या पायावर 1961 मध्ये अहमदाबादला एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, उभी राहिली. मग 1969 मध्ये पवईच्या आयआयटीत आयडीसी (इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर) निघालं, ते उभं करणारे सुधाकर नाडकर्णी जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकून आलेले. आपण ज्या इव्हीएमवर मत देतो त्या मशीनच्या बाह्यरचनेचं कामही आयडीसीतच झालंय. एकदा हे सांगितलं की घरातले जरा गप्प बसतात, बटण दाबल्याचा अनुभव सगळ्यांनाच असतो.

प्रवेश

बारावीनंतर बी.डेस., म्हणजे वर सांगितलेली चार वर्षांची डिग्री, तिच्यासाठी आयआयटीवाल्यांची यूसीड ही परीक्षा असते, एनआयडीची वेगळी असते तिला डॅट म्हणतात आणि ती प्रिलिम्स-मेन्स अशी दोन टप्प्यांत होते. दोन्हीकडे आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कुठलीही बारावी चालते. हे नीट वाचा कारण सायन्स नाही म्हणून फॉर्मच न भरलेली मुलं मी पाहिली आहेत. डिग्रीनंतर आयआयटीत मास्टर्स करायचं तर सीड नावाची परीक्षा. यूसीडमध्ये एक भाग कॉम्प्युटरवर आणि एक भाग कागदावर चित्र काढून सोडवायचा असतो, आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या मुलांना वाटतं आपलं चित्र चांगलंय म्हणजे झालं, तर तसं नाही. तिथे हुबेहूब शेडिंगला फार किंमत नाही, गच्चीवरून खाली बघितलं तर मासळीबाजार कसा दिसेल असलं काहीतरी मनात फिरवून कागदावर आणता आलं पाहिजे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक मुलं यासाठी मुंबई-पुण्याच्या बाजूलाच जातात. जवळपास कलेचं शिक्षण आहे, सावर्ड्याला सह्याद्रीचं आर्ट स्कूल आहे, पण ते चित्र आणि शिल्पाचं, वस्तूंचं नाही.

शिकवतात काय

पहिलं वर्ष फाउंडेशन. रेषा, रंग, फॉर्म, कागद दुमडणं, तार वाकवणं, आणि सगळीकडे काहीतरी 'निरीक्षण करून या' असा असाइनमेंट. घरातली एक वस्तू उचला आणि ती अशी का आहे ते सांगा. इथे कोकणातल्या पोराला विळी सुचली नाही तर त्याने कोकणचं नाव सांगू नये!

विळी (मालवणीत आडाळो) बघा. सुरीत पातं फिरतं आणि भाजी जागेवर राहते, विळीत पातं जागेवर आणि भाजी फिरते. पाट पायाने दाबून धरायचा, त्यामुळे दोन्ही हात मोकळे, म्हणून सुरमईसारखा मोठा मासा किंवा चिकाने बरबटलेला फणस तिच्यावर कापता येतो, सुरीने तेच करायला गेलं की एक हात धरण्यात जातो. पात्याला जी पुढे बाक दिलीय तिच्यामुळे कापताना ओढ आपोआप बसते. आणि पात्याच्या टोकाला दातेरी खवणी, म्हणजे नारळासाठी दुसरं अवजार काढायला नको, त्याच बैठकीत कांदा चिरून झाला की खोबरं. आता दुसरी बाजू. ही सगळी रचना जमिनीवर बसणाऱ्या बाईसाठी आहे. घरात ओटा आला तशी विळी पोरकी झाली, ओट्यावर ठेवली तर पाय कुठे ठेवणार, मग क्लॅम्पवाल्या आणि फोल्डिंगच्या विळ्या आल्या, त्या कापतात ठीकठाक पण मोठ्या माशाला हलतात. आणि जमिनीवर बसून आजीचे गुडघे गेले तेही खरं. एवढं सगळं लिहून, मोजून, रेखाटून दाखवलं की त्याला प्रॉडक्ट स्टडी म्हणतात.

मोजायचं म्हणजे काय तर एर्गोनॉमिक्स हा विषय असतो, माणसाच्या शरीराची मापं आणि वस्तू यांचा मेळ. आधी सगळी मापं परदेशी पुस्तकांतली वापरायचे, एनआयडीने 1997 साली भारतीय मापांचं पुस्तक काढलं. तत्त्व असं की सरासरी माणसासाठी काही बनवायचं नाही. दार उंचातल्या उंच माणसाला लागणार नाही एवढं उंच करा, पण कडी बुटक्याच्या हाताला आली पाहिजे.

पुढच्या वर्षांत मटेरियल, कारखान्यातल्या प्रक्रिया, इंजेक्शन मोल्डिंग (वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरणं), शीटमेटल, थ्रीडी सॉफ्टवेअर आणि वर्कशॉप. थर्माकोल, क्ले, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) यांत मॉडेल करायचं, मोडायचं, परत करायचं. (जुलैमध्ये एमडीएफचं मॉडेल एसटीने गावी नेऊ नका. आमच्यातल्या एकाने नेलं, खिडकीतून पाऊस आत आला आणि सावंतवाडी येईपर्यंत त्या टेबललॅम्पचा बुडखा घावण्यासारखा फुगला.) सेमिस्टरच्या शेवटी ज्युरी बसते, तिथे चार बाहेरचे लोक तुमची वस्तू हातात घेतात आणि विचारतात, याची गरजच काय होती?

झेला

गरज कशी शोधायची याचं आपल्याकडचं उदाहरण झेल्याचं आहे आणि ते कुठल्याच परदेशी पुस्तकात सापडणार नाही. हापूस उतरवायला लांब काठीच्या टोकाला कडं आणि त्याला जाळी, हा जुना झेला. ओढला की आंबा देठापाशी तुटून जाळीत पडायचा, आणि तुटल्या जागेतून जो चीक उडतो तो सालीवर पसरला की काळे डाग, डागाला मार्केटमध्ये भाव नाही, शिवाय देठाकडून सडही लवकर लागते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना 1972) 'नूतन झेला' काढला, त्याच्या कड्याला पातं आहे, देठ त्यात अडकवून हिसका दिला की आंबा थोड्या देठासकट कापला जातो, चीक सालीवर येत नाही. काठी तीच, जाळीची कल्पना तीच, गड्याला नवीन काही शिकावं लागत नाही. बदललं फक्त एक पातं. हे काम शेतीवाल्यांचं, डिझाइन कॉलेजचं नाही, पण माझ्या मते कोकणातलं सगळ्यात चोख प्रॉडक्ट डिझाइन हेच.

याच्या उलट टोकाला सावंतवाडीची चितार आळी, म्हणजे कारागिरांची गल्ली. लाकडाची फळं, खेळणी, लाखकाम, आणि राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या काळचे खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफाचा संच 120 पत्त्यांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा, गोल पत्ते, हाताने रंगवलेले. ही कला मरायला टेकली होती ती भोसले राजघराण्याने, विशेषतः सत्त्वशीलादेवींनी, पुन्हा उभी केली. डिझाइनचे विद्यार्थी इथे 'क्राफ्ट डॉक्युमेंटेशन'साठी येतात, फोटो काढतात, कारागिराला शंभर प्रश्न विचारतात आणि जाताना कीचेन बनवायचा सल्ला देऊन जातात. सगळेच असे नाहीत, पण कीचेनवाले जास्त.

बांबूचं मात्र बरं चाललंय. सिंधुदुर्गातला माणगा हा बांबू जवळजवळ भरीव असतो, म्हणून फर्निचरला चालतो, पोकळ बांबूसारखा खिळ्याने फाटत नाही तितका. कुडाळला 2004 पासून कॉनबॅक हे केंद्र बांबूच्या वस्तू आणि बांधकामावर काम करतंय. रोवळी, सूप, इरलं विणणाऱ्या हातांना आणि ड्रॉइंग वाचणाऱ्यांना एका टेबलावर बसवणं हे तिथलं खरं काम.

शेवटच्या वर्षी मोठा प्रोजेक्ट असतो, तो बहुतेक जण कंपनीत करतात, पण काही कोकणी पोरं घरचा विषय घेतात आणि त्यात काजू येतोच. कच्ची बी चिरायचं हातापायाचं मशीन असतं, पायाने दाबलं की टरफल चिरतं, हाताने गर काढायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात. ग्लोव्हज दिले तर बी चिमटीत येत नाही, तुकडा पडतो, आणि अख्ख्या गरापुढे तुकड्याला भाव कमी, म्हणून दुपारपर्यंत ग्लोव्हज खुंटीला लटकलेले असतात.