पीठ तेवढंच, भाकरी मोठी: टेलिकन्व्हर्टर लावल्यावर नेमकं काय होतं

डिसेंबरातली सकाळ, बेळगावजवळच्या राकसकोप धरणाच्या पाण्याकाठी आम्ही दोघं बसलेलो, समोर पाण्यातून वर आलेल्या वाळक्या खुंटावर कवड्या खंड्या, अंतर साधारण ४० मीटर, आणि माझ्याकडे ४०० एमएमची एफ/५.६ लेन्स. फोटो काढत होतो पण स्क्रीनवर पक्षी एवढासाच दिसायचा. दोस्तानं बॅगेतून दोन बोटं जाडीचं एक काळं कडं काढलं आणि म्हणाला, "हे लावून बघ की, पक्षी जवळ येतोय." लेन्स आणि बॉडीच्या मधे ते बसवलं आणि खंड्या खरंच मोठा झाला. घरी येऊन दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत बसलो, कारण मला कळेचना की पंखावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा आता जास्त दिसतायत की नुसत्याच मोठ्या दिसतायत.

आता हे कडं म्हणजे काय ते आधी बघू. टेलिकन्व्हर्टर, आपण सगळे टीसीच म्हणतो, यात पाच-सात छोटी भिंगं असतात आणि ती सगळी मिळून एका मायनस नंबरच्या भिंगासारखं काम करतात, म्हणजे लांबचं दिसत नाही म्हणून आपण जो मायनस नंबरचा चष्मा लावतो त्याच जातीचं. मोठी लेन्स प्रकाश गोळा करून शंकूसारखा आत आणत असते, तो शंकू सेन्सरवर टोकाला मिळायच्या थोडा आधी हे मायनस भिंग त्याला अडवतं आणि त्याचा उतार कमी करतं, मग तो शंकू थोडा मागं जाऊन मिळतो आणि चित्र मोठं पडतं. दुर्बिणवाल्यांना ही युक्ती फार आधीपासून माहितीय, पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाच्या नावानं ते भिंग ओळखलं जातं, १८३० च्या दशकातली गोष्ट. शनीची कडी बघताना आजही लोक बार्लो लावतात. आपला टीसी त्याचाच भाऊ.

१.४ चा टीसी लावला की ४०० ची लेन्स ५६० होते, २ चा लावला की ८००. सोबत एफ नंबरही वाढतो (लेन्सचे एमएम भागिले तिच्या भोकाची रुंदी, हा आकडा जितका मोठा तितका सेन्सरवर उजेड कमी), ५.६ चा ८ होतो आणि २ च्या टीसीवर ११. दुकानात सांगतात एक स्टॉप जातो, म्हणजे उजेड निम्मा होतो, दोन स्टॉप जातात, म्हणजे पाव होतो, पण जातो म्हणजे कुठं जातो हे कुणी सांगत नाही. खरं म्हणजे तो कुठंच जात नाही. भाकरी थापताना बघा, ज्वारीच्या पिठाचा गोळा परातीत तेवढाच असतो, भाकरी रुंदीला १.४ पट मोठी थापली तर तिचं क्षेत्रफळ दुप्पट होतं आणि जाडी निम्मी, रुंदी दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट आणि जाडी पाव. प्रकाशाचं तंतोतंत हेच. १.४ हा आकडा उगाच निवडलेला नाही, तो २ चं वर्गमूळ आहे, म्हणून बरोबर एक स्टॉप. गोळा किती मोठा असणार हे लेन्सच्या पुढच्या काचेवर ठरतं, ४०० भागिले ५.६ म्हणजे साधारण ७१ मिलिमीटरचं भोक, आणि ८०० भागिले ११ केलं तरी जवळपास तेवढंच येतं. टीसी मागं लावतात, पुढचं भोक तसंच राहतं, त्यामुळं खंड्याच्या अंगावरून निघून लेन्समधे शिरणारा प्रकाश टीसीनं ना वाढतो ना कमी होतो.

यातूनच एक गोष्ट निघते जी मला फार उशिरा कळली. टीसी लावल्यावर आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ करायचा कॅमेऱ्यातला आकडा, ३२०० चा ६४०० करावा लागतो म्हणून लोक घाबरतात, फोटोत दाणे येणार म्हणतात. पण शटर स्पीड तोच ठेवला असेल तर पक्ष्याकडून आलेला एकूण प्रकाश दोन्ही वेळेला तेवढाच असतो, आणि दाणे मुख्यतः त्या एकूण प्रकाशावर ठरतात. टीसीशिवाय काढून नंतर क्रॉप करून, म्हणजे कडा कापून, मोठा केलेला खंड्या आणि टीसी लावून ६४०० वर काढलेला खंड्या, दोन्ही एकाच आकारात बघितले तर दाणे जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणजे आयएसओच्या आकड्यासाठी टीसी नाकारण्यात अर्थ नाही. नाकारायची कारणं दुसरीच आहेत, त्याकडे येतो.

मग क्रॉप आणि टीसी यात फरक काय? कवड्या खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ३१ सेंटीमीटर. ४० मीटरवरून ४०० एमएमनं त्याचं चित्र सेन्सरवर ३.१ मिलिमीटर पडतं. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, त्याचा एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, म्हणजे अख्खा खंड्या जवळपास ८०० पिक्सेलमधे बसतो. आता क्रॉप करा, मोठा करा, काहीही करा, पिक्सेल तेवढेच राहणार. १.४ च्या टीसीनं तोच पक्षी ११०० पिक्सेलवर जातो. पण जास्त पिक्सेल मिळाले म्हणून जास्त तपशील मिळेलच असं नाही, कारण भिंगाची स्वतःचीही एक हद्द असते. गोल भोकातून प्रकाश जातो तेव्हा तो थोडा पसरतोच, कितीही महागडी काच असो, त्यामुळं एक टिंब टिंब न राहता बारीक चकती होते. जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञानं १८३५ मधे याचं गणित मांडलं म्हणून तिला एअरीची चकती म्हणतात. ७१ मिलिमीटरच्या भोकाला ४० मीटरवर साधारण ०.३८ मिलिमीटर अंतरावरची दोन टिंबं जेमतेम वेगळी दाखवता येतात, त्याहून बारीक काही नाही.

आणि आपला पिक्सेल? त्या अंतरावर एक पिक्सेल पक्ष्याच्या अंगावरचा ०.३९ मिलिमीटर भाग व्यापतो. आकडे सारखेच दिसतायत, पण एक काळी रेघ आणि शेजारची पांढरी रेघ वेगळी दिसायला किमान दोन पिक्सेल लागतात, म्हणजे कॅमेरा प्रत्यक्षात ०.७८ मिलिमीटरपर्यंतच पोचतो. भिंग दाखवतंय त्यातलं निम्मं सेन्सर टिपतच नाहीये. १.४ चा टीसी लावला की सेन्सरची पोच ०.५६ वर येते, २ चा लावला की ०.३९ वर, बरोब्बर भिंगाच्या हद्दीला. तिथून पुढं टीसीवर टीसी चढवा, चित्र मोठं होईल पण नवीन एकही रेघ दिसणार नाही. मोठ्या पिक्सेलच्या फुल फ्रेम बॉडीवर, समजा ६ मायक्रॉनचा पिक्सेल आहे, तर टीसीचा फायदा आणखी जास्त, कारण तिथं सेन्सर भिंगाच्या आणखीच मागं असतो.

हे झालं निर्दोष भिंगाचं गणित. प्रत्यक्षात प्रत्येक लेन्समधे काहीतरी खोट असते आणि टीसी ती खोटसुद्धा तेवढीच मोठी करतो. काळ्या झाडीसमोर पांढरा बगळा घ्या, स्वस्त झूम लेन्सवर त्याच्या मानेच्या कडेला जांभळी किनार दिसते, टीसी लावला की ती किनार पण १.४ पट रुंद. म्हणून चांगल्या प्राइम लेन्सवर, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सवर, टीसी खुलतो आणि साध्या झूमवर निराशा करतो. मी पहिल्यांदा २ चा एक जुना सेकंडहँड टीसी ७०-३०० झूमवर लावला होता, ६०० एमएम एफ/११, आणि जांबोटीच्या रानात झाडाच्या शेंड्यावर धनेश बसलेला असताना फोकस पुढं-मागं पळत राहिला, लागलाच नाही, धनेश उडून गेला. ते का झालं तेही सांगतो. डीएसएलआरमधे, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, फोकससाठी खाली एक वेगळा सेन्सर असतो, तो लेन्सच्या भोकाच्या दोन कडांमधून बघतो, आपल्या दोन डोळ्यांसारखा, आणि दोन चित्रं जुळली की फोकस लागला असं समजतो. हे दोन डोळे बहुतेक बॉडींमधे एफ/५.६ च्या हिशोबानं बसवलेले असतात, काही चांगल्या बॉडींमधे एफ/८ च्या. एफ नंबर त्याच्यावर गेला की कडा झाकल्या जातात आणि कॅमेरा आंधळा चाचपडायला लागतो. मिररलेसमधे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, फोकसचे पिक्सेल मुख्य सेन्सरवरच असतात, ते एफ/११ लासुद्धा काम करतात, फक्त रानातल्या अंधारात हळू होतात.

बसतो का हा पण प्रश्न असतो. टीसीची पुढची काच बऱ्याचदा बाहेर आलेली असते आणि लेन्सच्या पोटात शिरते, मागची काच जवळ असलेल्या लेन्सवर तो बसतच नाही, जबरदस्ती केली तर काचेला काच लागते. कॅननच्या आरएफ १००-५०० वर टीसी लावायचा तर झूम ३०० च्या पुढंच ठेवावा लागतो, याच कारणानं. विकत घेण्याआधी आपल्या नेमक्या लेन्सचं नाव टीसीच्या कंपनीच्या यादीत आहे का बघा.

एवढी गणितं केल्यावर खंड्याच्या रेघांचं खरं उत्तर मला पक्ष्यावर मिळालं नाही, पेपरवर मिळालं. पक्षी हलतो, उजेड बदलतो, त्यावर टेस्ट होत नाही. मी सकाळी साडेसहाला गच्चीवर गेलो, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला काकांच्या गच्चीवर मराठी पेपर भिंतीला चिकटवून ठेवला होता, अंतर चाळीसच्या आसपास, कॅमेरा ट्रायपॉडवर, हात लागू नये म्हणून सेल्फ टायमर. टीसीशिवाय, १.४ सह, आणि त्या जुन्या २ सह, असे तीन फोटो. मग तिन्ही सारख्या आकाराचे करून बघितले. आपल्या लिपीसारखा टेस्ट चार्ट नाही, कारण अक्षराच्या डोक्यावर मात्रा असते आणि तिच्या शेजारी अनुस्वाराचं टिंब. टीसीशिवायच्या फोटोत अक्षरं वाचता येत होती पण "केलं" की "केले" हे सांगता येईना, टिंब आणि मात्रा सारखेच डाग. १.४ मधे टिंब सुटं झालं, स्पष्ट गोल नाही पण सुटं. २ च्या जुन्या टीसीत अक्षर सगळ्यात मोठं आणि टिंब परत पसरलेलं. गणितानं २ च्या टीसीला जी जागा दिली होती ती त्या काचेनं घालवली. घरी पेपर येतोच, तुमच्या लेन्सवर हे करून बघा, अर्धा तास लागतो.

सकाळी साडेसहा हे मुद्दाम सांगितलं. बेळगाव-वेंगुर्ला रोडच्या कडेला भात कापून झालेल्या शेतात जानेवारीत तारेवर नीळकंठ हमखास बसलेला असतो, सकाळी आठला काढलेला फोटो लख्ख, आणि त्याच लेन्सनं, त्याच टीसीनं, साडेअकराला काढलेला फोटो पाण्यातून काढल्यासारखा. फोकस बरोबर, शटर १/२०००, तरी एकही पीस सुटं दिसत नाही. जमीन तापते, तिला लागलेली हवा तापून बुडबुड्यांसारखी वर येते, गरम हवा प्रकाशाला थोडं कमी वाकवते आणि थंड हवा थोडं जास्त. एका डिग्रीला फरक दहा लाखात एक भाग एवढाच, पण पन्नास-साठ मीटरच्या वाटेत असे शेकडो बुडबुडे लागतात आणि आपण ०.५६ मिलिमीटरच्या गोष्टी करतोय. इथं टीसी काही म्हणजे काही देत नाही, हवेची थरथर १.४ पट मोठी करून देतो. थंडीत पहाटे पाण्यावरून वाफ निघत असते तेव्हाही हेच होतं, पाणी गरम आणि हवा गार. गाडीतून फोटो काढत असाल तर इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा, आणि बॉनेटवरून नेम धरू नका, तिथली हवा शेतापेक्षा वाईट. मी आता उन्हं चढली की टीसी काढून बॅगेत ठेवतो.

मग जवळ जाणं हा उपाय राहतोच. ४० मीटरवरून २८ वर गेलात तर चित्र १.४ पट मोठं होतं, आणि इथं मात्र खरंच गोळा मोठा होतो, पक्ष्याकडून येणारा प्रकाश दुप्पट, भिंगाची हद्दही ०.३८ वरून ०.२७ वर, मधली हवा पण कमी. जगातला कुठलाही टीसी हे देऊ शकत नाही. हळदी-कुंकू बदकांच्या चोचीच्या मुळाशी असलेले लाल ठिपके मला बेळगावच्या किल्ला तलावावर टीसीशिवाय मिळाले, काठावर न हलता तासभर बसल्यावर ती आपणहून पोहत जवळ आली. शेतातून जाणाऱ्या एका मामांनी विचारलंही होतं एकदा, नीळकंठासाठी बांधाला टेकून बसलेला बघून, "काय बघायलाईस एवढं?" दाखवलं तर तेही दहा मिनिटं शेजारी बसले.

पण काही ठिकाणी जवळ जायचंच नसतं, आणि माझ्या मते टीसीची खरी जागा तिथं आहे. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत बसते आणि तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी उभी फट फक्त ठेवते, पुढचे कित्येक आठवडे ती आणि पिल्लं नराच्या आणण्यावर जगतात. माणूस जवळ दिसला तर नर येत नाही, आजूबाजूला घिरट्या मारतो, आणि आत कुणीतरी उपाशी राहतं. खानापूर तालुक्यातल्या अशाच एका झाडासमोर, कुठलं ते लिहीत नाही, समोरच्या चढावर साठ-सत्तर मीटर लांब एप्रिलच्या सकाळी बसलो होतो, अंगावर पानांच्या रंगाचं कापड, तांदळाच्या पिशवीवर टेकवलेली लेन्स, ५६० एमएम, एफ/८, आयएसओ ६४००, शटर १/१६०. साडेसातला राखी धनेश आला, फांदीवर बसून चारी बाजूला मान फिरवून बघितलं, मग ढोलीच्या तोंडाशी लटकला आणि गळ्यातून वडाचं एक लाल फळ वर आणून चोचीच्या टोकावर धरलं. फटीतून दुसरी चोच बाहेर आली, फळ घेतलं, आत गेली. मग दुसरं फळ. मी फोटो काढायचं थांबवून मोजत बसलो, सतरा झाली.