कोल्ह्याला द्राक्षे आंबट कधीपासून?

मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकात द्राक्षाच्या वेलीखाली उड्या मारणारा कोल्हा आठवून पाहा. तांबूस रंग, झुपकेदार शेपूट, शेपटीचे टोक पांढरे. आता आपल्या शिवारातला कोल्हा आठवा. राखट पिवळसर, उंच पायांचा, उसात शिरणारा, रात्री कोल्हेकुई करणारा. हे दोन वेगळे प्राणी आहेत. चित्रातला प्राणी युरोपातला, आणि आपल्याकडे त्याचा जवळचा भाऊबंद म्हणजे खोकड. तरीही चित्राखाली नाव कोल्ह्याचेच असते. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही म्हण बाहेरून आली, याची पहिली खूण त्या चित्रातच सापडते.

ती इतकी मुरली आहे की अनेकांना ती जात्यावरच्या ओव्यांइतकी जुनी वाटते. पण छापील मराठीत तिच्या गोष्टीचे वय दोनशे वर्षांहून थोडे अधिक आहे. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकले होते. मुलांना मराठीत नव्या तऱ्हेची पुस्तके मिळावीत अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या प्रेरणेने सख्खण पंडितांनी इसपच्या गोष्टी मराठीत आणल्या आणि 'बालबोध मुक्तावली' या नावाने त्या १९व्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरात छापल्या गेल्या. मराठी मुलखापासून इतक्या दूर, कावेरीच्या काठी, हे काम झाले याचे मला फार अप्रूप वाटते. पुढे १८२८मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांची 'इसपनीतिकथा' मुंबईत निघाली. मग शाळा वाढल्या, क्रमिक पुस्तके आली आणि इसपचे प्राणी मराठी घरांत राहायला आले.

मूळ ग्रीक गोष्ट अगदी तोकडी आहे. झाडावर चढवलेल्या वेलीला घड लोंबताहेत. भुकेला कोल्हा प्रयत्न करतो, त्याला ते मिळत नाहीत. जाता जाता तो स्वतःशी दोनच शब्द बोलतो, 'ओम्फाकेस एइसिन'. यातला 'ओम्फाक्स' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. त्याचा अर्थ आंबट असा नाही. ओम्फाक्स म्हणजे अजून न पिकलेले द्राक्ष. कच्च्या आंब्याला आपल्याकडे जशी कैरी, तसे ग्रीकांकडे कच्च्या द्राक्षाला हे स्वतंत्र नाव होते. म्हणजे त्या कोल्ह्याचे म्हणणे असे होते, 'छे, या तर कैऱ्या आहेत!'

द्राक्षाच्या मुलखांत असा शब्द असतोच. फारसीत कच्चे द्राक्ष म्हणजे 'गूरे', अरबीत 'हिसरिम'. 'गूरे' व्हायच्या आधीच मनुका झाला, असे फारसीत अकाली मोठेपण मिरवणाऱ्याबद्दल म्हणतात. धीर धरलास तर गूऱ्याचाही हलवा होईल, असेही तिथे म्हणतात. आपण आंब्याच्या बाबतीत नेमके हेच केले आहे. बाळकैरी, कैरी, पाडाचा आंबा, पिकला आंबा. नारळाचे शहाळे वेगळे, ज्वारीचा हुरडा वेगळा. ज्या फळाबरोबर माणसे पिढ्यान् पिढ्या राहतात, त्याच्या वयाच्या प्रत्येक टप्प्याला ती नाव देतात. अनुवादात पहिल्यांदा हरवतो तो हाच टप्पा.

या गोष्टीचे नेमके तेच झाले. लॅटिनमध्ये फेड्रस या रोमन कवीचा कोल्हा म्हणतो, अजून पिकलेले नाही, आंबट खायची मला इच्छा नाही. इथे 'कच्चे' आणि 'आंबट' दोन्ही आहेत. १४८४मध्ये कॅक्स्टन या मुद्रकाने इंग्रजीत इसप छापला, तेव्हा 'कच्चे' गळून पडले आणि 'आंबट' तेवढे उरले. इंग्रजीतून ते आपल्याकडे आले. फ्रेंचांनी मात्र दुसरी वाट धरली. १६६८मध्ये ला फोंतेनने आपला कोल्हा रचला, त्याच्या तोंडी 'फारच हिरवी आहेत' असे शब्द आहेत. गंमत अशी, की त्याआधीच कवीने सांगून ठेवले आहे की ती द्राक्षे लालसर सालीची, दिसायला पिकलेली होती. वाचकाला लाल दिसते आणि कोल्हा हिरवे म्हणतो. त्याचे खोटे तिथल्या तिथे उघडे पडते. इतकी सुंदर युक्ती मला दुसऱ्या कुठल्या अनुवादात दिसली नाही.

मराठीत 'हिरवी' म्हणून भागले नसते. निफाडच्या किंवा तासगावच्या एखाद्या बागेत जानेवारीत मांडवाखाली उभे राहिले की ते कळते. थॉमसन जातीच्या द्राक्षाचा घड पिकतो तेव्हाही हिरवाच असतो. डिसेंबरअखेरीपर्यंत मणी कडक आणि गर्द असतो. बोटात दाबला तर दबत नाही, दाताखाली घेतला तर तोंड आंबते. मग एक दिवस बागायतदार म्हणतो, 'पाणी उतरलं.' मणी मऊ पडतो, त्यात उजेड दिसू लागतो आणि नंतर दिवसागणिक गोडी भरत जाते. शेतकरी एक मणी चिमटीत फोडून त्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतो, उजेडाकडे धरून गोडीचा आकडा वाचतो आणि तोडणी कधी धरायची ते ठरवतो. रंगावरून काही ठरत नाही. ग्रीक कोल्ह्याला जे नेमके म्हणायचे होते त्यासाठी आज मराठीत शब्द आहे, 'पाणी उतरलेलं नाही अजून'. तो बागेतला शब्द आहे, म्हणीत तो कधी आला नाही.

'कच्चे' आणि 'आंबट' हा भेद फक्त शब्दांचा नाही. कच्चे आहे की नाही हे खालून पाहून म्हणता येते. आंबट आहे हे चाखल्याशिवाय कळत नाही. ग्रीक कोल्हा निदान पाहून बोलत होता. आपला कोल्हा न चाखता चव सांगतो. म्हणून मराठीत तो अधिक खोटा ठरतो आणि म्हण अधिक बोचते.

रशियनमध्ये क्रिलोवने ही गोष्ट बांधली, ती १८०८मध्ये आली. त्याच्याकडे कोल्हीण आहे. ती म्हणते, दिसायला बरी आहेत, पण हिरवी, पिकला मणी एकही नाही, लगेच 'ओस्कोमिना' होईल. ओस्कोमिना म्हणजे आंबट खाल्ल्यावर दातांना जी शिणशिण येते ती. आपण म्हणतो दात आंबणे. बायबलच्या जुन्या करारात यिर्मया आणि यहेज्केल या दोघांनीही एक जुनी म्हण दिली आहे, बापांनी कच्ची द्राक्षे खाल्ली आणि दात आंबले मुलांचे. हिब्रू 'बोसेर' म्हणजे कच्चे फळ. इंग्रजीत त्याचे 'आंबट द्राक्षे' झाले आणि मराठी बायबलातही 'आंबट द्राक्षे'च आहेत. पण 'दात आंबले' या शब्दांपुढे इंग्रजी फिकी पडते. चिंचा आणि कैऱ्या खाऊन मोठ्या झालेल्या लोकांच्या तोंडातला तो शब्द आहे, त्यासाठी अनुवादकाला कुठे शोधायला जावे लागले नसेल.

मग द्राक्ष आपल्याकडे नव्हते का? होते. इब्न बतूता हा अरब प्रवासी १४व्या शतकात दौलताबादेला आला, तेव्हा इथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळ येते, असे त्याने नोंदवले. द्राक्षवेल थंड देशात हिवाळ्यात झोपते. दख्खनमध्ये ती झोपत नाही. म्हणून आजही आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन छाटण्या करून एकच चांगले पीक घेतात. संस्कृतातही द्राक्षाचा मान मोठा. १०व्या शतकाच्या सुरुवातीचा राजशेखर 'काव्यमीमांसे'त कवितेच्या परिपक्वतेचे नऊ पाक सांगतो आणि नऊच्या नऊ झाडाफळांवरून. कडुनिंब, बोर, द्राक्ष, वांगे, चिंच, आंबा, सुपारी, काकडी, नारळ. आरंभी बेचव आणि शेवटी गोड, तो मृद्वीकापाक, म्हणजे द्राक्षाचा. आरंभीही गोड आणि शेवटीही गोड, तो नारळाचा. द्राक्ष आधी बेचव असते आणि मग गोड होते, ही त्याची रीत संस्कृत पंडिताला ठाऊक होती. कवितेला फळाची उपमा देणे सगळीकडे आढळेल, पण फळ पिकण्याच्या वाटचालीची उपमा देणारा हा विचार मला विलक्षण वाटतो.

पण हा मान पंडितांच्या आणि सरदारांच्या घरातला. सर्वसामान्य मराठी घरात द्राक्ष म्हणजे बहुधा औषधाला लागणारी मनुका. म्हणी तयार होतात त्या रोजच्या भाजी-फळांवर. आवळा, कोहळा, कारले, काकडी, बोर, हरभरा, उंबर. त्यात द्राक्ष नव्हते.

कोल्हा मात्र होता. 'कोल्हा काकडीला राजी' ही अस्सल देशी म्हण. जे मिळाले त्यावर खूश होणारा, थोडक्यात समाधान मानणारा. इसपचा कोल्हा मराठीत आला तेव्हा आपला कोल्हा आधीच काकडीच्या वाफ्यात बसलेला होता. शिवाय पंचतंत्रातले करटक आणि दमनक हेही कोल्हेच. धूर्तपणाची भूमिका त्याच्याकडे आधीपासून होती. अनुवादकाने 'खोकड' न लिहिता 'कोल्हा' लिहिले, ते प्राणिशास्त्राच्या दृष्टीने चूक आणि भाषेच्या दृष्टीने अगदी बरोबर. हिंदीने लोमडी घेतली, तीही आपल्या जागी शोभते.

फळाच्या बाबतीत दुसरी वाट उत्तर युरोपाने धरली. स्वीडनमध्ये कोल्हा द्राक्षांना आंबट म्हणत नाही, तो रोवनच्या फळांना आंबट म्हणतो. नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमध्येही तसेच. रोवन हे तिथले नेहमीचे झाड, त्याला लाल, बारीक फळांचे झुबके लागतात. झाड ओळखीचे झाले, चित्र डोळ्यांपुढे आले. फक्त एक घोटाळा झाला. रोवनचे फळ पिकले तरी आंबट-कडूच लागते. म्हणजे तिथला कोल्हा खरेच बोलतो! तरी म्हण चालते, कारण ऐकणाऱ्याला आता फळाची चव आठवत नाही, कोल्ह्याचा स्वभाव आठवतो. फारसीत तर फळ आणि कोल्हा दोन्ही गेले. तिथे मांजराचा पंजा मांसापर्यंत पोचत नाही, म्हणून ते म्हणते, वास येतोय.

आपले शेजारी काय करतात ते पाहण्यासारखे आहे. तेलुगूत 'अंदनि द्राक्ष पुल्लन', न गवसणारे द्राक्ष आंबट. कन्नडमध्ये 'कैगेटुकद द्राक्षि हुळि', हाताला न लागणारे द्राक्ष आंबट. दोघांनी कोल्हा वगळला आणि 'हाती न लागणारे' हे कारण म्हणीतच घातले. तमिळमध्ये द्राक्षही गेले, 'ची ची, इंद पळम् पुळिक्कुम्', छी छी, हे फळ आंबट असणार. मूळ गोष्टीतला तिरस्कार तमिळने सर्वांत चांगला पकडला आहे. बंगालीत आणि हिंदीत नुसतेच द्राक्ष आंबट आहे, कोण म्हणतो ते सांगायची गरज नाही.

मराठीने कोल्हा ठेवला, आणि त्याला चतुर्थी लावली. 'कोल्ह्याला' द्राक्षे आंबट. आपण म्हणतो मला गोड लागते, त्याला कडू लागते. या 'ला'मुळे आंबटपणा द्राक्षात उरत नाही, तो कोल्ह्याच्या जिभेवर जातो. 'गाढवाला गुळाची चव काय' याच ठेवणीतली ही रचना आहे. म्हणूनच परदेशी गोष्ट मराठी म्हणीसारखी वाजू लागली, असे मला वाटते.

आणखी एक कारण आहे. 'नाचता येईना अंगण वाकडे', 'रांधता येईना ओली लाकडे', या आपल्या जुन्या म्हणी आपले कौशल्य कमी पडले की दुसऱ्याला दोष देणाऱ्याबद्दल आहेत. हवी असलेली वस्तू मिळाली नाही म्हणून त्या वस्तूलाच नावे ठेवणे, ही वेगळी खोड. तिच्यासाठी इतकी नेमकी म्हण आपल्याकडे नव्हती. रिकामी जागा मिळाली आणि कोल्हा तिथे बसला.

आपल्या म्हणी बाहेर जाताना अशी जागा नेहमी मिळत नाही. 'आवळा देऊन कोहळा काढणे' इंग्रजीत नेताना कोशकार लहान मासा देऊन मोठा मासा पकडण्याची इंग्रजी म्हण जवळ करतात. अर्थ पोचतो, पण आवळा-कोहळ्याचे यमक जाते. ते फ्रेंचमध्ये सापडते. तिथे अंडे देऊन बैल घेतात, आणि 'अफ' आणि 'बफ' यांचे यमक जुळते. फळे गेली, नाद राहिला. 'कोल्हा काकडीला राजी' मात्र मला कुठल्याच भाषेत नीट नेता आलेली नाही. त्यात टीका आहे, तसे थोडे कौतुकही आहे. ते दोन्ही एकत्र धरणारे फळ अजून मिळालेले नाही.

हल्ली बोलताना कोल्हाही बहुतेक वेळा गळतो. पुण्यातली नोकरी मिळाली नाही की मुलगा म्हणतो, 'तशीही लांबच होती, रोज कोण जाणार?' आजी भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणते, 'द्राक्षं आंबट.' ग्रीक कोल्हाही दोनच शब्द बोलला होता.