फायबरमधला बायरेफ्रिंजन्स जागोजागी मोजण्यामागची पार्श्वभूमी

ऑप्टिकल फायबरमध्ये (प्रकाश वाहणाऱ्या काचेच्या धाग्यात) कुठल्या मीटरवर ताण आलाय, कुठे गरम झालंय हे बायरेफ्रिंजन्सवरून ओळखता येतं हे आता बऱ्यापैकी रुळलंय, पण सुरुवातीला हा बायरेफ्रिंजन्स कुणालाच नको होता. बायरेफ्रिंजन्स म्हणजे प्रकाशाची लहर कुठल्या दिशेत हलते (तिचं पोलरायझेशन) त्यावरून काचेत तिचा वेग बदलणं. पुस्तकात त्याला द्विअपवर्तन म्हणतात, बोलताना कुणी म्हणत नाही, म्हणून इथेही बायरेफ्रिंजन्सच. कॅल्साइटच्या खड्याखालची एक रेघ दोन दिसते हे १६६९ पासून लिहून ठेवलेलं आहे, तो भाग सोडून सरळ १९८० वर येऊ.

मागे परतणाऱ्या प्रकाशावरून फायबरचा लॉस मोजणं १९७६ मध्ये सुरू झालं होतं. १९८० मध्ये ब्रिटनमधून कल्पना आली की परत येणाऱ्या प्रकाशाची नुसती पॉवर का बघायची, त्याचं पोलरायझेशन पण बघा, ते जसं बदलत येतं त्यावरून वाटेत कुठे काय झालंय ते कळेल. कल्पना पक्की होती, अडचण पल्सच्या लांबीची होती. १० नॅनोसेकंदांची पल्स म्हणजे साधारण १ मीटरचा तुकडा एकदम दिसणार. साध्या टेलिकॉम फायबरमध्ये दोन पोलरायझेशनच्या इंडेक्समधला (काच प्रकाशाला किती हळू करते त्या आकड्यातला) फरक कोटीत एखादा भाग असतो, बीट लेंथ (जेवढ्या अंतरावर पोलरायझेशनची नक्षी पुन्हा तशीच येते ते) काही मीटर, तिथे हे चाललं. पण त्याच सुमाराला कोअरच्या (प्रकाश वाहणाऱ्या मधल्या गाभ्याच्या) दोन्ही बाजूंना ताण देणारे रॉड घातलेली पीएम, म्हणजे पोलरायझेशन टिकवणारी, फायबरं यायला लागली, त्यात फरक दहा हजारात ३.३ च्या आसपास, म्हणजे १५५० नॅनोमीटरला बीट लेंथ ४.७ मिलिमीटर. जाऊन-येऊन नक्षी त्याच्याही निम्म्या अंतरावर पुन्हा येते, ती धरायची तर वीसेक पिकोसेकंदांहून छोटी पल्स हवी. म्हणजे ज्या फायबरमध्ये बायरेफ्रिंजन्स मुद्दाम भरलाय तिथेच ही पद्धत आंधळी.

गंमत म्हणजे ती नक्षी डोळ्यांना दिसते. खोलीत अंधार करायचा, लाल प्रकाशासाठीच्या पीएम फायबरमध्ये हीलियम-निऑन लेझर ४५ अंशात सोडायचा आणि बाजूने बघायचं. फायबरवर उजेड-अंधार, उजेड-अंधार असे ठिपके दिसतात, दोनेक मिलिमीटरवर एक, तीच बीट लेंथ. पट्टी ठेवून मोजता येते. पण हे टेबलावरच्या हातभर तुकड्यापुरतं, केबलमध्ये घातलेल्या फायबरला बाजूने कोण बघणार?

नव्वदच्या दशकात या मोजमापाला खरं गिऱ्हाईक मिळालं ते टेलिकॉमचं. १० गिगाबिटला एक बिट १०० पिकोसेकंदांचा, त्यात दोन पोलरायझेशनमधला उशीर साधारण १० पर्यंत चालतो, आणि आधी पुरलेल्या बऱ्याच केबल त्यात नापास होत होत्या. अख्ख्या लिंकचा एक आकडा मिळायचा, पण कुठला तुकडा काढून टाकायचा ते तो आकडा सांगत नाही, त्यामुळे परतणाऱ्या प्रकाशाचं पोलरायझेशन बघणाऱ्या पद्धतीला मागणी आली. पुढे २००८-१० च्या सुमाराला कोहेरंट रिसीव्हर (प्रकाशाचा फेज आणि पोलरायझेशनही वाचणारे) आले, ते हा उशीर गणितानेच काढून टाकतात, आणि ती मागणी ओसरली. माझ्या मते सेन्सिंगचं त्यात भलंच झालं, कारण लोक या बायरेफ्रिंजन्सकडे दोष म्हणून बघायचे थांबले.

त्याच २००८ मध्ये पीएम फायबरचा तिढा सुटला. एका अ‍ॅक्सिसवर (दोन पोलरायझेशनपैकी एकाच्या दिशेत) समोरासमोरून दोन लेझर सोडून फायबरमध्ये ध्वनिलहरींची जाळी तयार करायची आणि दुसऱ्या अ‍ॅक्सिसवरून ती वाचायची, कारण ध्वनिलहरीला पोलरायझेशनचं काही देणंघेणं नसतं. दोन्ही अ‍ॅक्सिसवर इंडेक्स वेगळा, म्हणून वाचणाऱ्या लेझरची फ्रिक्वेन्सी सरकवावी लागते, वरच्या फायबरसाठी ४३ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि तो सरकाव म्हणजेच त्या जागेचा बायरेफ्रिंजन्स. बीट लेंथ उलगडून बघायची गरजच उरली नाही. वर फायदा असा की ब्रिलुआं शिफ्ट (ध्वनिलहरींवरून परतताना प्रकाशाची फ्रिक्वेन्सी सरकते ती) ताणानेही वाढते आणि तापमानानेही, दोन्ही वेगळे करता येत नाहीत, पण हा बायरेफ्रिंजन्स ताणाने वाढतो आणि तापमानाने कमी होतो. दोन समीकरणं, दोन अज्ञात, सुटलं.

आता ज्या शब्दावरून सगळ्यात जास्त घोळ होतो तो. बायरेफ्रिंजन्स म्हणजे नेमका कुठला, फेज की ग्रुप? फेजवाला म्हणजे इंडेक्समधला सरळ फरक, बीट लेंथ त्यावरून निघते, बाजूने दिसणारे ठिपके तोच दाखवतात आणि वरची जाळीची पद्धतही तोच देते. ग्रुपवाला म्हणजे दोन पोलरायझेशनच्या पल्स पोचण्यातला उशीर, व्हाइट लाइट इंटरफेरोमीटरवर तो मिळतो. तरंगलांबीप्रमाणे फरक बदलत नसेल तर दोन्ही सारखे, आणि ताणाच्या रॉडवाल्या फायबरमध्ये ते जवळपास सारखेच असतात (वरच्या फायबरला मीटरमागे १.१ पिकोसेकंद), म्हणून कित्येक वर्षं कुणाला वेगळं नाव द्यावंसंच वाटलं नाही. पण लंबगोल कोअर घ्या, आकडे वेगळे येतात. भोकांच्या जाळीवालं क्रिस्टल फायबर घ्या, तिथे तरंगलांबी वाढली की फरक इतका झपाट्याने वाढतो की ग्रुपवाल्याचं चिन्हच उलटं होतं. फरक तरंगलांबीच्या वर्गाप्रमाणे वाढत असेल तर आकडा तोच आणि पुढे उणे! म्हणजे दोन लॅब एकाच फायबरचे दोन आकडे देतात, दोन्ही बरोबर असतात, आणि डेटाशीटवर नुसतं बायरेफ्रिंजन्स छापलेलं असतं. काही जण म्हणतात रोजच्या कामाला काय फरक पडतो. पडतो, ताण आणि तापमान वेगळं काढायची समीकरणं याच आकड्यावर उभी आहेत.

साध्या फायबरमध्ये आणखी एक गाठ आहे, फायबरला पीळ असेल तर त्याने पोलरायझेशन जाताना जेवढं फिरतं तेवढंच येताना उलटं फिरतं आणि परतलेल्या प्रकाशातून तो भाग गायब होतो, त्यामुळे एका टोकावरून फक्त लिनिअर भाग (पिळाचा सोडून उरलेला) दिसतो. २०१५ मध्ये फेज-सेन्सिटिव्ह रिफ्लेक्टोमीटरने (परतणाऱ्या प्रकाशातला फेजचा बदलही पकडणाऱ्या उपकरणाने) दोन पोलरायझेशनचे ट्रेस एकमेकांशी जुळवून जागोजागचा फेज बायरेफ्रिंजन्स काढला, पीएम फायबरचाही आणि साध्याचाही, तेही एकाच टोकावरून. नंतर कोअरशेजारी दोन भोकं असलेल्या फायबरमधून दाब मोजण्याकडे लोक वळले, बाहेरचा दाब सगळीकडून सारखा असला तरी भोकांमुळे कोअरवर तो असमान येतो.

२०२१ मध्ये अमेरिका ते चिली या सुमारे १०,००० किलोमीटरच्या समुद्री केबलवर, वेगळं उपकरण न लावता, नेहमीच्या रिसीव्हरमधल्या पोलरायझेशनवरून भूकंप दिसल्याचं छापून आलं. पण तो आकडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची बेरीज असतो, हादरा केबलच्या कुठल्या किलोमीटरला बसला हे त्यातून कळत नाही.