एम १९११ पिस्तूल

एम १९११ हे .४५ एसीपी (सुमारे ०.४५ इंच व्यासाच्या गोळीच्या) काडतुसाचे अमेरिकन अर्धस्वयंचलित पिस्तूल आहे. जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) यांनी त्याची रचना केली, कोल्ट कंपनीने ते बनवले आणि २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी लष्कराने ते स्वीकारले. १९८५ मध्ये बेरेटाचे ९ मिमी एम ९ निवडले गेले, तोवर लष्कराचे अधिकृत पिस्तूल हेच होते. लष्करी कंत्राटांतून सुमारे २७ लाख नग तयार झाले. ब्राउनिंग मूळचे युटा राज्यातील ऑग्डेनचे. त्या राज्याने २०११ मध्ये हे पिस्तूल ‘राज्यशस्त्र’ म्हणून जाहीर केले.

लष्करातून निवृत्त झालेली अनेक शस्त्रे पुढे फक्त संग्रहालयात दिसतात. हे मात्र रेंजवर आणि कारागिरांच्या टेबलावर राहिले. त्याचे कारण त्याच्या घडणीत आहे: प्रत्येक भाग सुटा होतो, कानशीने घासून दुसऱ्या भागाशी जुळवता येतो. मालकाने लक्ष घातले तर ते सुधारते, हयगय केली तर बिघडते.

उगम

फिलिपीन्समध्ये मोरो लढवय्यांशी लढताना .३८ रिव्हॉल्व्हरची गोळी लागूनही माणूस थांबत नाही, अशी तक्रार सैनिकांकडून आली. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या अधिकाऱ्यांनी चाचण्या घेऊन लष्करी पिस्तुलाची गोळी .४५ पेक्षा लहान नसावी असा निष्कर्ष काढला. ब्राउनिंग यांचे .४५ एसीपी काडतूस याच काळातले. १९११ च्या अंतिम चाचणीत प्रत्येक पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या. कोल्टचे पिस्तूल एकदाही अडले नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज ३७ वेळा अडले.

पहिल्या महायुद्धाच्या अनुभवानंतर, १९२०च्या दशकात, काही सुधारणा होऊन एम १९११ए१ आले. चाप आखूड झाला, त्याच्या मागे चौकटीला (बाकीचे भाग ज्यात बसतात त्या सांगाड्याला) दोन्ही बाजूंनी खोलगट कापे दिले, मुठीची पाठ कमानदार झाली आणि मुठीवरच्या सुरक्षापट्टीची (मूठ घट्ट धरल्याशिवाय चाप ओढू न देणाऱ्या पट्टीची) शेपटी लांबवली. दुसऱ्या महायुद्धात टंकलेखन यंत्रांची रेमिंग्टन रँड, रेल्वे सिग्नलची युनियन स्विच अँड सिग्नल आणि बंदुका बनवणारी इथाका या कंपन्यांनीही ही पिस्तुले बनवली. शिवणयंत्रांच्या सिंगरने फक्त ५०० बनवली. संग्राहकांत आज सर्वाधिक चुरस त्या पाचशेंसाठीच असते.

रचना आणि कार्य

नळी ५ इंच, मॅगझीनमध्ये (मुठीत बसणाऱ्या काडतूस-पेटीत) ७ काडतुसे, रिकाम्या पिस्तुलाचे वजन सुमारे १.१ किलो. गोळी सुटते त्या क्षणी नळी आणि स्लाइड (तिच्यावरचा मागेपुढे सरकणारा भाग) एकमेकींत अडकलेल्या असतात. नळीच्या पाठीवरचे उंचवटे स्लाइडच्या आतल्या खाचांत बसलेले असतात. दोघी मिळून किंचित मागे सरकतात. नळीखाली पिनेवर झुलणारी एक छोटी कडी असते. ती नळीचे मागचे टोक खाली ओढते, उंचवटे खाचांतून सुटतात आणि पुढचा प्रवास स्लाइड एकटीच करते. मागे जाताना ती रिकामे कवच बाहेर फेकते आणि घोडा (आघात करून काडतूस पेटवणारा मागचा भाग) चढवते. परत येताना पुढचे काडतूस नळीत ढकलते.

हा घोडा चाप ओढून चढत नाही. तो आधी चढलेलाच असावा लागतो, चाप त्याला फक्त सोडतो. शिवाय चाप खिळीभोवती न फिरता सरळ मागे सरकतो. प्रत्येक गोळीला तोच छोटा, हलका दाब, हे या पिस्तुलाचे सर्वांत मोठे बलस्थान आहे, आणि अचूक नेमबाजीसाठी ते आजही का निवडले जाते याचे उत्तर त्यातच आहे.

चालवताना

.४५ चे नाव ऐकून नवशिका बिचकतो. पण या काडतुसाचा कमाल दाब ९ मिमीच्या दाबाच्या जेमतेम ६० टक्के आहे. २३० ग्रेनची, म्हणजे सुमारे १५ ग्रॅमची जड गोळी सेकंदाला साधारण २५० मीटरने, ध्वनीपेक्षा कमी वेगाने जाते. धक्का बसतो तो फटक्यासारखा नव्हे, कुणी तळहाताने ढकलल्यासारखा. मनगट मात्र पक्के हवे. ते सैल पडले तर स्लाइडला पूर्ण मागे जायला आधार मिळत नाही आणि कवच स्लाइडमधल्या बाहेर पडायच्या दारातच अडकते.

मूळ पिस्तुलाचा एक त्रास मांसल हाताच्या माणसाला पहिल्याच मॅगझीनमध्ये कळतो. स्लाइड मागे आली की घोड्याची शेपटी आणि सुरक्षापट्टी यांच्यामध्ये अंगठा व तर्जनीमधली कातडी चिमटली जाते. ए१ मधली लांब शेपटी यासाठीच होती, आणि पुढे कारागिरांनी बसवलेली रुंद, वर वळलेली ‘बीव्हरटेल’ पट्टीही यासाठीच.

घोडा चढलेला, नळीत काडतूस आणि अंगठ्याचा सुरक्षा-खटका वर, या स्थितीला ‘कॉक्ड अँड लॉक्ड’ म्हणतात. नेमबाजीचे अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांनी तिचा हिरीरीने पुरस्कार केला. त्यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या चढाओढींतून व्यावहारिक नेमबाजीचा खेळ उभा राहिला आणि १९७६ मध्ये मिसूरीतील कोलंबिया येथे त्याची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, स्थापन झाली. त्याआधीपासूनची परंपरा बुल्सआय नेमबाजीची: ओहायोतील कॅम्प पेरीच्या मैदानावर ५० आणि २५ यार्डांवरच्या कागदी लक्ष्यांवर, एका हाताने.

घडवून घेणे

युद्धकाळातील नग कानाशी हलवला की खडखडतो. एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या पिस्तुलात बसलाच पाहिजे, अशी लष्कराची अट होती. तेवढी मोकळीक ठेवणे भाग होते. चिखलमातीत तीच कामी आली. ५० यार्डांवर मात्र तीच आडवी येते, कारण नळी प्रत्येक वेळी त्याच जागी परतली नाही तर गोळ्या विखुरतात. घडवून घेणे म्हणजे मुळात ही मोकळीक हवी तिथे, हवी तेवढीच कमी करणे.

यातले पहिले काम नळीच्या पुढच्या टोकाला बसणाऱ्या बुशिंगचे. चांगले जुळवलेले बुशिंग हाताने फिरत नाही, पाना लागतो. नंतर नळीचे उंचवटे आणि खालचे पाय स्लाइडशी व स्लाइड स्टॉपच्या (मॅगझीन संपल्यावर स्लाइड मागे अडवून धरणाऱ्या खटक्याच्या) पिनेशी जुळवले जातात. शेवटी स्लाइड आणि चौकट. जुनी पद्धत अशी की चौकटीच्या पट्ट्या हलक्या हातोडीने ठोकून पसरवायच्या आणि स्लाइड बारीक घर्षणलेपाने पुढेमागे घासत बसवायची. जॉर्जियातील फोर्ट बेनिंग येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या लष्करी नेमबाजी पथकाच्या कारागिरांनी हे काम नावारूपाला आणले. नागरी कारागिरांत आर्मंड स्वेन्सन यांचे नाव आदराने घेतले जाते. डाव्या हाताने चालवणाऱ्यांनाही सोयीचा दुतर्फा खटका ही त्यांची देणगी. बिल विल्सन, एड ब्राउन, लेस बेअर यांच्या नावाच्या कार्यशाळा पुढे कारखाने झाल्या.

मुठीच्या पुढच्या बाजूची चौकडी नक्षी हाताने कोरणे ही कारागिराची कसोटी मानली जाते. एका इंचात २० किंवा ३० रेघा; एक रेघ तिरकी गेली की पुढच्या सगळ्या तिरक्या जातात, आणि चौकटीचे पोलाद तिथे मुळातच पातळ असते.

घरी काय करावे आणि काय करू नये, याची रेषा स्पष्ट आहे. मुठीच्या लाकडी फळ्या, स्प्रिंगा, मॅगझीन हे मालक स्वतः बदलतो. स्लाइडला पुढे परत ढकलणारी १६ पौंडांची मूळ रिकॉइल स्प्रिंग थकली की कवचे पूर्वीपेक्षा दूर उडू लागतात. ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती. घोडा आणि त्याला अडवणारा सिअर यांच्या कडा मात्र तज्ज्ञानेच घासाव्यात. तिथे कोन किंचित चुकला तर स्लाइड पुढे येतानाच घोडा सुटू शकतो. तसेच काडतूस वर चढवणाऱ्या उताराचे. चौकटीवरचा उतार आणि नळीचा उतार यांच्यामध्ये साधारण १/३२ इंचाची पायरी लागते. चकाकी आणण्याच्या नादात ती घासून सपाट केलेल्या चौकटी कारागिरांकडे नेहमी येतात.

आणखी एक जपण्याची गोष्ट म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, कवच ओढून काढणारा आकडा. तो स्वतःच स्प्रिंग आहे. काडतूस हाताने नळीत टाकून वर स्लाइड सोडली तर आकड्याला काठावरून उडी मारावी लागते. ताण बिघडतो, कधी टोकाचा टवका उडतो. काडतूस मॅगझीनमधूनच जाऊ द्यावे.

मालकी आणि जपणूक

अमेरिकेत १९६८च्या संघीय बंदूक नियंत्रण कायद्यानुसार परवानाधारक विक्रेता २१ वर्षांखालील व्यक्तीला पिस्तूल विकू शकत नाही. खरेदीच्या वेळी फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासणी होते. कायद्याच्या दृष्टीने या पिस्तुलात ‘शस्त्र’ म्हणजे क्रमांक असलेली चौकट. नळी, स्लाइड, चाप हे सुटे भाग संघीय कायद्यापुरते टपालानेही मागवता येतात, आणि घडवून घेण्याचा एवढा मोठा व्यवसाय त्यावरच उभा आहे. राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात. कॅलिफोर्नियात विक्रेत्याला नवे पिस्तूल विकायचे तर सहसा ते राज्याच्या मंजूर यादीत असावे लागते.

२०१८ पासून सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या संस्थेमार्फत लष्कराच्या साठ्यातील जुनी १९११ पिस्तुले नागरिकांना मिळू लागली. अर्ज टपालाने, क्रम सोडतीने आणि पहिल्या फेरीत दर्जानुसार किंमत ८५० ते १,०५० डॉलर.

अशा मूळ नगाला कानस लावू नये, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. पहिल्या महायुद्धातील स्लाइडवर आजच्यासारखी उष्णता-प्रक्रिया झालेली नव्हती; जोरदार काडतुसांनी त्या तडकतात. खरवडून पुन्हा निळसर मुलामा चढवला की तपासनिसांचे शिक्के पुसट होतात आणि ते परत आणता येत नाहीत. हौस पुरवायला नवे नग भरपूर आहेत. ब्राउनिंग यांची एकस्वे (पेटंट) केव्हाच संपली असल्याने स्प्रिंगफील्ड आर्मरी, किंबर, रुगर अशा अनेक कंपन्या हीच रचना बनवतात. फिलिपीन्समधील मरिकिना येथे आर्मस्कोरही बनवते.

वापरलेला नग घेताना जाणकार चौकटीच्या डाव्या बाजूला, स्लाइड स्टॉपच्या खाली पाहतो. तिथे कमानीसारखा ओरखडा असेल तर आधीच्या कुणीतरी पिस्तूल जोडताना तो भाग सरळ दाबून न बसवता खालून घासत वर नेलेला असतो. मग तो मॅगझीन काढतो, नळी रिकामी असल्याची बोटाने खात्री करतो आणि बुशिंग फिरवून बघतो. रिकॉइल स्प्रिंगच्या टोपीवर त्या वेळी अंगठा घट्ट असावा लागतो, नाहीतर ती थेट डोळ्याच्या दिशेने सुटते. बदललेले मूळ भाग विक्रेत्याने लेबल लावून पिशवीत जपले असतील, तर तो भाव फारसा पाडत नाही.