सरवा वेचणाऱ्या स्त्रिया

फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रान्स्वा मिले (१८१४–१८७५) याचे तैलचित्र, १८५७. आकार सुमारे ८३ × ११० सेंमी. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. मिले नॉर्मंडीतल्या शेतकरी घरात वाढला आणि १८४९ पासून पॅरिसजवळच्या बार्बिझाँ गावी राहिला. चित्रातले रान त्याच परिसरातले, शायी गावाकडच्या सपाटीचे.

गव्हाची कापणी उरकली आहे. शेतात पडलेल्या ओंब्या वेचायला तीन बायका आल्या आहेत. दोघी पार वाकलेल्या. त्यांतल्या एकीने वेचलेली मूठ पाठीमागे धरली आहे. तिसरी अर्धवट वाकून हातातली लहानशी जुडी सावरते. वाकणे, उचलणे, उठणे अशी एकाच श्रमाची आवर्तने तिघींत वाटली गेली आहेत. चेहरे सावलीत असल्याने नजर हातांवर आणि पाठींवर खिळते. पाठीमागे, दूरवर, कोवळ्या सोनेरी उजेडात उंच गंज्या, पेंढ्यांनी लादलेली गाडी, मजुरांची गर्दी आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला देखरेख्या दिसतो.

चित्राचा भाव या अंतरातून येतो. सुगी आहे, पण ती दुसऱ्याची. मिलेने क्षितिज वर ठेवले असून तिघींपैकी एकीचेही डोके मोकळ्या आकाशात येत नाही. जमीन त्यांना सोडत नाही. तरीही चित्रात आक्रोश नाही. निळ्या, तांबड्या, पिवळसर टोप्यांचे दबलेले रंग आणि देहांचा शिल्पासारखा भरीवपणा यांमुळे एरवी इतिहासातल्या वीरांच्या वाट्याला येणारे गांभीर्य या मजूर बायकांना मिळते. पाहणाऱ्याची दया मागणारे हे चित्र नाही.

सरवा वेचण्याची मुभा फ्रान्समधल्या गोरगरिबांना जुन्या रिवाजाने होती. आपल्याकडच्या खेड्यांतही मळणी-कापणीनंतर गोरगरीब सरवा वेचतात, म्हणून मराठी वाचकाला या प्रसंगाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

१८५७ च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनात, चित्र लागले तेव्हा फ्रान्समधली राजेशाही उलथवणारी १८४८ ची क्रांती ताजी होती. एका समीक्षकाला या बायका दारिद्र्याच्या तीन नियतीदेवता वाटल्या, तर दुसऱ्याला त्यांच्यामागे फ्रेंच राज्यक्रांतीतल्या दहशतीचे, १७९३ चे वधस्तंभ दिसले. मिलेने राजकीय घोषणा केलेली नव्हती. नुसत्या वाकलेल्या बायका मोठ्या आकारात रंगवणे सुखवस्तू प्रेक्षकांना पुरेसे भयावह होते. दोनच वर्षांनी जुल ब्रेतोंने याच विषयावर काढलेल्या चित्रात बायका ताठ मानेने घरी परततात. ते देखणे आहे आणि कुणालाही टोचत नाही, म्हणूनच राजदरबारी लगेच पसंत पडले असावे.

मिलेला आपल्या चित्राचे ३,००० फ्रँक मिळाले. १८८९ मध्ये शँपेन व्यवसायातील मादाम पोमेरी यांनी ते ३,००,००० फ्रँकला घेतले आणि पुढे मृत्युपत्राने पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाला दिले; तिथून ते नंतर ऑर्सेत आले.