कल्याण दरवाजा (सिंहगड)

पुण्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या सिंहगडाचे दक्षिणेकडील प्रवेशद्वार आणि सिंहगड–राजगड–तोरणा या डोंगरयात्रेचा आरंभ. पायथ्याच्या कल्याण गावावरून हे नाव पडले. एकामागे एक असे दोन दरवाजे असून त्यांवरील शिलालेखात शके १६७२ (इ.स. १७५०) व बाळाजी बाजीराव पंडित प्रधान ही अक्षरे वाचता येतात.

दरवाज्याबाहेर एक वाट कल्याण गावात उतरते, तर दुसरी डोंगरधारेने विंझरच्या दिशेने जाते. भटक्यांची वाट ती दुसरी. धारेच्या उत्तरेचे पाणी मुठेला मिळते; दक्षिणेचे शिवगंगा-गुंजवणीतून नीरेला जाते आणि पुढे दोन्ही भीमेतच येतात.

हीच वाट जुन्या राजकीय हद्दीपलीकडे नेते. सिंहगड १८१८ मध्ये इंग्रजांनी जिंकला व तो पुणे जिल्ह्यात राहिला. राजगड आणि तोरणा मात्र पंतसचिवांच्या भोर संस्थानात होते. इंग्रजांनी १८२० मध्ये त्यांच्याशी तह करून संस्थान कायम ठेवले. संस्थानच्या तालुक्यांची नावेही गडांचीच: राजगड, प्रचंडगड (तोरणा), विचित्रगड (रोहिडा), सुधागड. ८ मार्च १९४८ रोजी भोर मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ही सीमा पुसली गेली. हवेली तालुक्यातून वेल्ह्यात (आता राजगड तालुका) उतरणारा आजही ढोबळमानाने तीच रेषा ओलांडतो.

गडांच्या नशिबातला फरक या वाटेवर ठळक जाणवतो. सिंहगडावर उन्हाळ्यात गोरे अधिकारी राहायला येत. पुढे लोकमान्य टिळकांचा बंगला तेथे उभा राहिला, १९१५ मध्ये टिळक व गांधींची भेटही तेथेच झाली. आज मोटार थेट वर जाते. राजगडावर मात्र अजून पायीच चढावे लागते. त्याचे श्रेय एकट्या संस्थानाला देता येणार नाही, कारण गडाचा बिकट कडाही तितकाच कारणीभूत आहे. पण शिवरायांची ही राजधानी गाडीरस्त्यापासून दूर राहिली, हे तिचे भाग्यच.

विंझरहून गुंजवणे, तेथून राजगड, मग संजीवनी माचीवरून तोरणा आणि शेवटी वेल्हे असा क्रम असतो. सामान्यतः दोन-तीन दिवस लागतात. धारेवर सावली तुरळक आणि उन्हाळ्यात पाणी नाहीच म्हणावे असे, म्हणून सिंहगडावरच्या देवटाक्यावर बाटल्या भरूनच दरवाजा उतरावा. पावसाळ्यात दाट धुक्यात फाटे चुकतात. वाट माहीत असलेला स्थानिक सोबत घेणे शहाणपणाचे.