स्वच्छ सहकारी संस्था (पुणे)

पुण्यात दारोदार कचरा गोळा करणारी कचरावेचकांची सहकारी संस्था. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली. तिच्या उभारणीत कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांचा मोठा वाटा होता. कुंडीत उतरून भंगार वेचण्यापेक्षा ते दारातच हाती यावे, या विचारातून २००७ मध्ये ‘स्वच्छ’ आकाराला आली. २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. सभासदांत दलित स्त्रिया बहुसंख्य आहेत.

या कामाचा पगार महापालिका देत नाही, आणि ‘स्वच्छ’ नेहमीच्या ठेकेदारीहून वेगळी ठरते ती इथेच. दरमहा ठरलेले शुल्क कुटुंबे देतात. वस्त्यांसाठी दर कमी असतो. सुक्या कचऱ्यातला विकाऊ माल वेचकाच्या मालकीचा. महापालिकेने ढकलगाड्या, बादल्या, हातमोजे, रेनकोट, वर्गीकरणाला जागा आणि संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च द्यावा, अशी वाटणी आहे. साहित्य उशिरा आले की पावसाळा रेनकोटाविना जातो.

सकाळी कचरावेचक ताई ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेतात. सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्यायचे असतात; ठिपका नसला की पुडके उघडल्यावरच आत काय ते कळते. मग पुठ्ठा, कागद, बाटल्या, पत्रा, काच असे ढीग लागतात. पुठ्ठा भिजला की त्याचा भाव पडतो, त्यामुळे एका घराने मिसळून दिलेली डाळ-भाजी दहा घरांचा कागद वाया घालवते. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना भंगारवाला सहसा हात लावत नाही. उरलेला कचरा ‘फीडर पॉइंट’वर, म्हणजे ठरलेल्या कोपऱ्यावर, महापालिकेच्या गाडीत जातो.

घोटाळा बहुधा या कोपऱ्यावरच होतो. गाडी वेळेवर आली नाही तर कचरा रस्त्यावर साचतो, कुत्री पिशव्या फाडतात आणि बोलणी ताईंना बसतात. गाडीच्या वेळा मात्र त्यांच्या हातात नसतात. अशा वेळी आरोग्य कोठीवरचा, म्हणजे महापालिकेच्या भागातल्या सफाई कचेरीतला, मुकादम आणि संस्थेचा समन्वयक यांचे बोलणे रोजचे असेल, तरच प्रश्न तासाभरात सुटतो. शुल्काचेही तसेच. सोसायटीने एकगठ्ठा दिले तर ठीक, नाहीतर महिनाअखेरीस प्रत्येक दार वाजवावे लागते आणि ‘साहेब घरी नाहीत’ ऐकून परतावे लागते. करार संपून नवा होईपर्यंतच्या काळात तर शुल्क का द्यायचे, असा वाद काही ठिकाणी हटकून निघतो.

गणेश विसर्जनात स्वयंसेवकांना बरोबर घेऊन घाटांवर निर्माल्य वेगळे काढले जाते. फुलापानांचे खत होते. त्यात थर्माकोल, प्लॅस्टिकच्या माळा आणि जरीची वस्त्रे मिसळलेली असतील, तर ती आधी हाताने निवडावी लागतात.